घड्याळाचे ऐकावे की दमाचे?

गेल्या आठवड्यात भांडुपच्या माझ्या दवाखान्यात एक जुना रुग्ण आला. शाळेत होता तेव्हापासून मी त्याला ओळखतो. आता वय चाळिशीच्या पुढे, नोकरी बैठी. पहाटे मुलुंडला महापालिकेच्या तलावात पोहायचे, रविवारी पूर्व द्रुतगती मार्गाने ठाण्याकडे सायकल हाणायची, संध्याकाळी भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर धावायचे, असा त्याचा तीन वर्षांचा नेम. पण त्या दिवशी चेहरा पडलेला. म्हणाला, "डॉक्टर, गोव्याची शर्यत पुरी केली, पण गेल्या खेपेपेक्षा पाऊण तास जास्त लागला. शेवटी तर चक्क चालत गेलो. माझी मेहनत कुठे कमी पडली?"

या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. पोहणे, सायकल आणि धावणे एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती नाही. गोव्यात आयर्नमॅन ७०.३ ही शर्यत २०१९ साली सुरू झाली. मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, मग ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणे. एकूण ११३ किलोमीटर, म्हणजेच ७०.३ मैल. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट असते.

मी विचारले, "शर्यतीच्या आधी प्रकृती कशी होती?" तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. पाच दिवस आधी ताप आला होता. अंग मोडून निघाले होते. गोळ्या घेऊन ताप उतरवला. प्रवेश फी भरलेली, रजा मंजूर, रेल्वेचे तिकीट हातात, म्हणून स्वारी गेली. धावताना मनगटावरचे घड्याळ नाडीचे १७५ ठोके दाखवीत होते. एरवी त्याच वेगाला ते १५० असतात. छातीत धडधड वाढली तेव्हा तो चालू लागला, आणि याचीच त्याला लाज वाटत होती.

मी म्हणालो, "अरे, त्या दिवशी तू नेहमीपेक्षा जास्त मेहनत केलीस. वेळ जास्त लागली, हा त्याचाच पुरावा आहे. आणि चाललास, हे तर तू सगळ्यात शहाणपणाचे केलेस."

वाचकहो, वेग आणि श्रम या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वेग घड्याळात दिसतो, श्रम शरीरात होतात. उकाड्यात शरीराला थंड ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे वळते. घाम गेल्याने रक्तातले पाणी घटते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो घाम लवकर वाळतही नाही, म्हणून अंग थंड होत नाही. मग स्नायूंना तेवढेच रक्त पुरवण्यासाठी हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. आजारपण, जागरण किंवा उपाशीपण असले की त्यात भर पडते.

हे श्रम मोजायचे कसे? स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी यासाठी ६ ते २० आकड्यांची एक पट्टी तयार केली. ६ म्हणजे स्वस्थ बसणे, २० म्हणजे याहून अधिक शक्यच नाही. निरोगी तरुण माणसाने स्वतःच्या दमावरून सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणले की साधारण नाडीचे ठोके येतात. आपला दम किती खरे सांगतो पहा! त्याहून सोपी कसोटी बोलण्याची. धावताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर श्रम बेताचे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर श्रम भारी.

मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षात, झुरिचची पूर्ण आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पुरी केली. जगातले अव्वल व्यावसायिक खेळाडू तेवढेच अंतर आठ तासांच्या आसपास कापतात. म्हणून सोमणांची मेहनत निम्मी होती असे कोणी म्हणेल काय? परंतु आपल्याकडे घरी आल्यावर पहिला प्रश्न असतो, "कितवा आलास?" या प्रश्नापायी माणसे ताप लपवतात, छातीतली कळ लपवतात. हौसेच्या खेळात हा प्रश्न विचारणेच मला गैर वाटते.

आता तालुक्याच्या गावीही मॅरेथॉन होतात. पोलीस भरतीसाठी पोरे पहाटे १६०० मीटर धावतात. तिथे वेळेला गुण असतात, हे मान्य. पण शरीराचे नियम तेच. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

ताप आणि अंगदुखी असताना धावू नये. काही विषाणूंनी हृदयाच्या स्नायूंना सूज येते. अशा वेळी जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. गोळीने ताप उतरला म्हणजे आजार गेला असे नाही. शर्यतीआधी दुखण्यावरच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. अंगातले पाणी कमी झालेले असताना त्यांतल्या काही गोळ्या मूत्रपिंडाला अपाय करतात. तासन्‌तास नुसते पाणी ढोसणेही वाईट, त्याने रक्तातले मीठ घसरते. तहान लागेल तसे प्यावे, सोबत मीठ-साखर असावी. छातीत दडपण, चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास तिथेच थांबावे. उन्हात धावणारा असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतावे आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे. चाळिशीनंतर, विशेषतः मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा घरात हृदयविकार असल्यास, तयारीला लागण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

आमच्या या गड्याचा ईसीजी काढला, तो ठीक निघाला. तरी आणखी काही दिवस विश्रांती घेऊन पुन्हा दाखवायला ये, असे बजावले. उठताना म्हणाला, "डॉक्टर, मग पुढच्या वर्षी जाऊ ना?"

मी म्हणालो, "जरूर जा. पण ताप आला तर तिकीट रद्द कर. रद्द केलेल्या तिकिटाचे थोडे तरी पैसे परत मिळतात."