औषधावरील देखरेख आणि साक्रीचा रुग्ण

साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी शेतमजूर धान्य पारखून घेतो, बैल दात पाहून घेतो. औषध मात्र त्याला केवळ विश्वासावर घ्यावे लागते. निवड डॉक्टरची, खरेदी शासनाची, नफा कारखानदाराचा आणि परिणाम रुग्णाचा, असा हा व्यवहार आहे. वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली मांडले होते. जेथे ग्राहक माल पारखू शकत नाही, तेथे त्याच्या वतीने पारखणारी यंत्रणा समाजानेच उभारली पाहिजे.

रुग्णालयातील औषध समिती ही अशी यंत्रणा होय. डॉक्टर, औषधनिर्माता, परिचारिका आणि प्रशासक यांनी एकत्र बसून कोणती औषधे ठेवावयाची ते ठरवावे. लिहिली जाणारी प्रतिजैविके खरोखर आवश्यक आहेत काय, हे तपासावे. भांडारातील साठा व मुदत पाहावी. आणि औषधाचा दुष्परिणाम दिसताच त्याची नोंद करून वर कळवावे, हे तिचे काम. औषध कंपन्यांशी हितसंबंध असलेल्यास तिच्यात स्थान असता कामा नये.

देखरेख सुटली म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन निघाले. चौदा रुग्ण दगावले. न्या. लेंटिन आयोगाच्या १९८७ च्या अहवालाने रुग्णालयातील खरेदीपासून औषध प्रशासन व मंत्रालयापर्यंतची अनास्था उघडी केली. याच विषाने १९३७ मध्ये अमेरिकेत शंभराहून अधिक बळी घेतले होते. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून ते पुन्हा आले आणि वीसहून अधिक बालके गेली. त्यांपैकी कित्येकांना उपचारासाठी नागपुरास आणण्यात आले होते.

समितीपाशी प्रयोगशाळा नसते आणि खासगी दवाखान्यावर तिचा अधिकार चालत नाही, हे खरे. परंतु एकाच प्रकारे मूत्रपिंडे निकामी झालेले रुग्ण लागोपाठ येऊ लागले, तर त्यांनी कोणते औषध घेतले होते हे विचारणारे कोणी तरी जागेवर असावे लागते. छिंदवाड्यात पहिल्या मृत्यूपासून औषधावर बंदी येईपर्यंत काही आठवडे गेले. अशा वेळी नोंदवहीतील एक ओळ लवकर लिहिली गेली, तर जीव वाचू शकतो.

मोजक्या, आवश्यक औषधांची यादी हा या कामाचा पाया आहे. हाथी समितीने १९७५ मध्ये ती कल्पना देशापुढे ठेवली. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली यादी १९७७ ची. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीत ३८४ औषधे आहेत. परंतु यादी दिल्लीत राहिली आणि भांडार रिकामे राहिले, तर गरिबाला चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानाचीच वाट धरावी लागते. त्या दुकानात समिती नसते. कर्ज मात्र होते.

धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात तज्ज्ञ आहेत. साक्रीचा रुग्ण तेथून पन्नासेक किलोमीटरवर आहे. तज्ज्ञांची देखरेख जिल्ह्याच्या ठिकाणी थांबली, तर ती निम्मीच. ग्रामीण रुग्णालयांसाठी रुग्ण कल्याण समित्यांची तरतूद आहे. शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात २००७ पासून आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. म्हणजे मार्ग अज्ञात नाही.

कार्यकर्त्यांनी डॉक्टरला औषध शिकवू नये. तो त्यांचा अधिकार नव्हे. परंतु समितीची बैठक कधी झाली, कोणती आवश्यक औषधे संपली आहेत, बाहेरच्या चिठ्ठ्या का दिल्या जातात आणि दुष्परिणामांची नोंद कोण ठेवतो, हे चार प्रश्न दरमहा शांतपणे व लेखी विचारणे त्यांच्या हाती आहे. चौकशी आयोग मृत्यूनंतर नेमले जातात. त्यांची गरज पडू नये, यासाठी हे प्रश्न आधी विचारले गेले पाहिजेत.