रविवारचे मेकॅनिक

आमच्या उपनगरांत रविवारी सकाळी दोन वास हमखास येतात. एक तळलेल्या सुरमईचा आणि दुसरा पेट्रोलचा. पहिल्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

दुसरा जिन्याखालून येतो. तिथे बनियन घातलेले एक सद्गृहस्थ मोटारसायकलपुढे उकिडवे बसलेले असतात. एरवी घरातला बल्ब बदलायलाही हे वायरमन बोलावतात. पण गाडी म्हटली की अंगात साक्षात विश्वकर्मा संचारतो. अंधेरी घ्या, मुलुंड घ्या, ही जमात सगळीकडे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे नियम लागू झाले, नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला, तेव्हा वाटले, आता सुटलो. पण जुन्या गाड्या धडधाकट आहेत, आणि त्यांचे मालक त्याहून.

खरे तर कार्ब्युरेटर म्हणजे आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी. तिथे बॉलकॉक, इथे फ्लोट. वाटीत पेट्रोल पुरेसे झाले की फ्लोट वर येतो आणि एक सुई भोक बंद करते. त्या सुईखाली कचऱ्याचा एक कण अडकला की भोक उघडेच राहते, वाटी भरून वाहते, जास्तीचे पेट्रोल इंजिनात जाऊन प्लग भिजतो. म्हणजे गाडी गळते आणि गाडी सुरू होत नाही, ही बऱ्याचदा दोन दुखणी नसून एकच असते. अशा वेळी कॉक बंद करावा, प्लग काढून वाळवावा आणि जरा थांबावे.

पण थांबेल तो रविवारचा मेकॅनिक कसला! तो चोक ओढून पन्नास किका मारतो. मग प्लग, केबल, फिल्टर सगळे एकदम उपसतो. त्यामुळे बिघाड नक्की कशात होता हे ब्रह्मदेवालाही कळू नये. फाटके गॅस्केट तसेच परत बसवतो. शेवटी हातात एक स्क्रू उरतो. "कंपनीवाले उगाच जास्त लावतात हो," म्हणून तो खिशात जातो. मग येतो साबण! टाकीच्या बारीकशा चिरेवर साबण घासून गॅरेज गाठणे मी समजू शकतो. कार्ब्युरेटरला साबण चोळून आठवडा काढणे म्हणजे गळक्या नळाला हळद-कुंकू वाहणे.

यांचे म्हणणे असे की मेकॅनिक लुटतात. काही लुटतात, कबूल. शिवाय परंपरेचा दाखला असतो. १९७२ साली चेतक आली, नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर घरात आली, आणि ती तिरकी करून सुरू करणे ही वडिलोपार्जित विद्या ठरली. विद्येबद्दल आदर आहे. पण वडील स्कूटर तिरकी करीत, ती रात्रभर गळती ठेवून झोपत नसत.

माझे भांडण इथेच आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, फरशीलगत सरपटत जाते. आणि आमच्या इमारतींत जिन्याखाली काय असते? विजेचे मीटर. शेजारी वॉचमनचे स्टूल आणि त्याची विडी. वर पाच मजले माणसे झोपलेली, आणि उतरायला जिना एकच. तुम्ही वाचवलेले दोनशे रुपये आम्ही सगळे मिळून असे तारण ठेवायचे?

हौस जरूर करा. पण गाडी उघड्यावर ढकला, एका वेळी एकच गोष्ट खोला, स्क्रू वाटीत ठेवा, गॅस्केट नवे घाला, रात्री कॉक बंद करा. एवढे करूनही थेंब पडला, तर नाक्यावरच्या पोऱ्याला हाक मारा. तो तुमच्याकडून वीस रुपये जास्त घेईल, 'साहेब, कोणी खोलली होती?' असेही विचारील. निमूटपणे ऐकून घ्या. आम्ही वरच्या मजल्यावरून ऐकले नाही असे दाखवू.