सर्वेवाले येतात आणि जातात, आकडा कुठे जातो?



नर्सिंगचा डिप्लोमा झाल्यावर काही वर्षं मी नोकरी केली. तेव्हाची एक गोष्ट अजून टोचते. एका आरोग्य सर्वेसाठी मला नाशिकमधल्याच गोदाकाठच्या वस्तीत पाठवलं होतं. बायांचं रक्त घ्यायचं आणि चार पानी फॉर्म भरायचा. एक आजी म्हणाली, "पोरी, माझं रक्त किती भरलं ते सांगशील ना?" मी हो म्हटलं. पण रिपोर्ट माझ्या हाती आलेच नाहीत. पुढे कित्येक महिने त्या गल्लीतून मी मान खाली घालून जायचे.

असे सर्वेवाले तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. घरात माणसं किती, संडास कुठे, पाणी किती वाजता येतं, सगळं विचारतात. मग कुठेतरी इंग्रजीत अहवाल छापून येतो. म्हणून आता बरेच जण त्यांना पाहून दार लावून घेतात. त्यांचा राग मला समजतो, पण दार लावणं पटत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे: मोजणारी माणसं वस्तीतलीच असावीत, आणि निघालेला आकडा सगळ्यात आधी वस्तीत वाचला जावा.

मुंबईत रे रोडजवळ कौला बंदर नावाची वस्ती आहे. जमीन बंदराची, म्हणून पाहणीच्या काळात वस्तीला मान्यता नव्हती, आणि मान्यता नाही म्हणून हक्काचा नळ नव्हता. तिथे 'पुकार' या संस्थेने वस्त्यांमधल्या तरुण मुलामुलींना शिकवून संशोधक केलं. सोबत हार्वर्ड विद्यापीठातले डॉक्टर-संशोधक होते. 2008 मध्ये त्यांनी 959 घरांची पाहणी केली. 2011 मध्ये तीन ऋतूंत पाण्याचे 229 नमुने तपासले. पाणी खेचणाऱ्या मोटारीपाशी, गल्लीत आलेल्या पाइपात, आणि 21 घरांतल्या पिंप-माठांत.

निघालं काय? पालिकेचा दर तेव्हा हजार लिटरला सव्वादोन रुपये होता. कौला बंदरातली माणसं त्याच्या 52 ते 206 पट मोजत होती, म्हणजे हजार लिटरला साधारण 117 ते 460 रुपये. गरिबाला पाणी फुकट मिळतं असं म्हणणाऱ्यांना हा हिशेब ऐकवा. काही ऋतूंत तर शंभरातल्या 95 घरांना माणशी रोज 50 लिटरही मिळत नव्हतं.

नर्स म्हणून मला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. पावसाळ्यात मोटारीपाशीच निम्मे नमुने दूषित होते. बाकीच्या दिवसांत तिथलं पाणी चांगलं होतं, पण घरात साठवलेलं पिण्याचं पाणी मात्र सगळ्याच ऋतूंत दूषित सापडलं. आता आमच्या आरोग्य शिबिरांत काय सांगितलं जातं? हात धुवा, झाकण ठेवा, ओगराळं वापरा. मीही हेच सांगत फिरले, आणि ते खोटं नाही. पण मुळात बाईला पिंपं का भरून ठेवावी लागतात? पाणी रोज आणि पुरेसं येत नाही म्हणून. जुलाब झालेल्या लेकराच्या आईला आम्ही अस्वच्छ ठरवतो, आणि नळाला कोणी काही विचारत नाही. दोष कोणाचा, ते या नमुन्यांवरून कळतं.

त्याच वस्तीत पुढे 521 जणांना मनाच्या त्रासाबद्दलही विचारलं गेलं. सुमारे 23 टक्के लोकांना मानसिक आजाराचा मोठा धोका दिसला. घर तुटण्याची भीती, संडासची रांग, पाण्याची चिंता. आपल्याकडे याला 'डोकं फिरलंय' म्हणून मोकळे होतात.

संशोधन झालं म्हणून नळ येतो, असं मी म्हणत नाही. मुंबईत पाणी हक्क समितीला हायकोर्टात जावं लागलं. डिसेंबर 2014 मध्ये कोर्टाने सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा आहे म्हणून ते नाकारता येणार नाही. पण पालिकेच्या दारात जाताना हातात स्वतःचा आकडा असला की बोलणं बदलतं, एवढं मी अनुभवाने सांगते.

आणि चौकशी करणं आपल्याला नवीन नाही. 1929 मध्ये अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीत बाबासाहेब होते. त्यासाठी ते खानदेशात स्वतः फिरले. चाळीसगावच्या टांग्याचा अपघात, ज्यात त्यांचा पाय मोडला, तो त्याच दौऱ्यातला.

आता नाशिकचं बोलू. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. नर्सिंगच्या मुली पोस्टिंगला आपल्या वस्त्यांत येतात. त्यांच्या प्रत्येक गटात वस्तीतल्या दोन-चार मुली घ्यायला काय हरकत आहे? सर्वे संपल्यावर एका रविवारी विहारात, मराठीत, निकाल वाचून दाखवायला किती वेळ लागतो? 2017 च्या आयसीएमआरच्या नियमांप्रमाणे तुम्हाला कळेल अशा भाषेत माहिती देऊनच तुमची संमती घ्यायची असते, आणि नको वाटलं तर मधूनच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे. सही किंवा अंगठा देण्याआधी निकाल कधी आणि कोण सांगणार, हे विचाराच.

2027 च्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट यांचे नकाशे होतात. गोदेला पूर आला की सगळं शहर पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं ते पाहतं. आपल्या ओट्यावर किती आलं, त्याची नोंद कोणाकडे असते?

विद्यापीठाची वाट पाहत बसू नका. शंभर पानी वही घ्या. तारीख, पाणी कधी आलं, कधी गेलं, किती हंडे भरले, घरात माणसं किती, एवढंच लिहा. हंड्यात 15 लिटर मावत असेल तर पाच माणसांच्या घराला रोज साधारण 17 हंडे हवेत. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, तिन्ही वेळा महिनाभर लिहा. कोणाला जुलाब, कावीळ झाली तर तेही लिहा, मात्र नाव न लिहिता.

आमच्या वस्तीत येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर वह्या वाटणार आहोत. दहावी-बारावीच्या पोरी लिहायला तयार आहेत. पाणी पहाटे चारला येतं, त्यामुळे पहिल्या आठवड्याची पाळी मी घेतली आहे.