नाव एकाचे, कान दुसऱ्याचे

२२ ऑक्टोबर २०११ रोजी, दिवाळी चार दिवसांवर आलेली असताना, साताऱ्यात २८५ मुलींचे दुसऱ्यांदा बारसे झाले. तोपर्यंत शाळेच्या हजेरीपटावर आणि घरातल्या हाकेत त्यांचे नाव होते नकोशी, किंवा नकुसा. तिसरी-चौथी मुलगी झाली की तिचे असे नाव ठेवायचे, म्हणजे पुढच्या खेपेला मुलगा होतो, अशी समजूत. जिल्हा प्रशासनाने गावोगावी या मुली शोधून काढल्या आणि जाहीर समारंभात त्यांना नव्या नावाची प्रमाणपत्रे दिली. काहींनी आवडत्या नट्यांची नावे घेतली, काहींनी देवींची. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली भरल्या. दहा वर्षांपूर्वी हा आकडा ९१३ होता. नकोशी हे नाव काहीशे मुलींच्या वाट्याला आले असेल, पण ते ठेवायला लावणारी इच्छा राज्यभर पसरलेली होती, आणि बहुतेक घरांत तिला नावाची गरजही पडत नव्हती.

त्या समारंभानंतर लोकांनी आईबापांना बोल लावला, आणि तो योग्यच होता. या संपादकीयात मात्र आम्हाला हाक मारणाऱ्यांकडे पाहायचे आहे. नाव ठेवणारे ते एकदाच ठेवतात. आत्या पाळण्याशी वाकते, बाळाच्या कानात नाव सांगते, कुर्र होते आणि तिचे काम संपते. पुढे ते नाव उच्चारायचे, वाचायचे, त्यावरून अंदाज बांधायचा हे काम बाकीच्या जगाचे असते. साताऱ्यातल्या त्या मुलींना वर्षानुवर्षे रोज सकाळी कोणीतरी ‘नकोशी’ म्हणून हजेरीला पुकारत होते, आणि त्यात कोणाला काही खटकत नव्हते. मुलाच्या नावावरून लोकांची त्याच्याकडे पाहण्याची नजर ठरते, हे आम्हाला मान्य आहे. पण ती नजर नावातून उगवत नाही. ती ऐकणाऱ्याकडे आधीपासून तयार असते आणि नाव तिला फक्त निमित्त पुरवते. म्हणून याचा जाब पाळण्याशी विचारण्यापेक्षा वर्गात, परीक्षकाच्या टेबलाशी आणि नोकरीचे अर्ज उघडणाऱ्या कचेरीत विचारला पाहिजे.

हे पटवायला आपल्याच नावांचा इतिहास पुरेसा आहे. मुद्दाम ओंगळ नाव ठेवण्याची महाराष्ट्रात आणखी एक रीत होती आणि तिच्यामागचा भाव नकोशीच्या नेमका उलटा होता. ज्या घरात मुले जगत नसत, तिथे नंतर झालेल्या मुलाचे नाव दगडू, धोंडू, केरू, उकिर्डा, भिकू असे ठेवत. दृष्ट लागू नये, मृत्यूने या पोराकडे ढुंकूनही पाहू नये, म्हणून जे सर्वांत हवे त्याला सर्वांत टाकाऊ नाव. ही नावे एका जातीची वा एका थराची नव्हती. १८५८ साली जन्मलेल्या महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो, एकोणिसाव्या शतकातल्या थोर गणिती छत्र्यांचे नाव केरो. धोंडो केशव कर्वे या नावाने एक विद्यापीठ उभे केले आणि त्याच नावाला १९५८ साली भारतरत्न मिळाले. आज पुण्यातल्या एखाद्या इंग्रजी शाळेत पहिलीच्या वर्गात धोंडू नावाचा मुलगा आला तर हजेरीच्या वेळी हसू फुटेल. अक्षरे तीच आहेत. मधल्या काळात शिकलेल्या, शहरी घरांनी ही नावे टाकली, ती गावाकडच्या आणि कष्टकरी माणसांकडे राहिली, आणि मग नाटक-सिनेमात ती गड्याच्या, शिपायाच्या तोंडावर चिकटवली गेली. नावाचा अर्थ वाईट म्हणून हसू येते, असे म्हणायलाही जागा नाही. मुंबईच्या सुखवस्तू घरांत कोकणातून आलेल्या घरगड्याला, त्याचे खरे नाव काहीही असो, ‘रामा’ म्हणत. १९७५ साली ‘पांडू हवलदार’ हा चित्रपट गाजला आणि पांडू म्हणजे पोलीस शिपाई असे समीकरण बोलण्यात रुजले. राम आणि पांडुरंग यांच्याहून पूज्य नावे मराठी माणसाला ठाऊक नाहीत, तरी ती पूज्यता त्या गड्याच्या किंवा शिपायाच्या कामी आली नाही. नाव कोण धारण करतो ते पाहून कान त्याची किंमत ठरवतात.

नावावरून माणसाची पायरी ओळखता यावी, ही अपेक्षा आपल्याकडे लिहून ठेवलेली आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बल दाखवणारे, वैश्याचे धन दाखवणारे आणि शूद्राचे निंदा दाखवणारे, असा नियम आहे. स्त्रीचे नाव उच्चारायला सोपे आणि कानाला गोड असावे, हेही लगोलग सांगितले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या ग्रंथाचे दहन केले, तरी त्यातली समजूत आपल्या म्हणींत शाबूत राहिली. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ असे आपण सहज म्हणतो. ही म्हण पोकळ डौलावर आहे असे शाळेत शिकवतात, पण तिच्यात टोमणा कोणाला बसतो ते पाहावे. कथलाचा वाळा घालणाऱ्या बाईने सोन्याचे नाव का घ्यावे, असे ती विचारते. गरिबाचे चांगले नाव हा त्याचा आगाऊपणा ठरतो. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर हजारो घरांत सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता, विशाखा, प्रज्ञा अशी नावे आली, तेव्हा हा जुना वाटपाचा हक्कच नाकारला गेला. नाव ठेवण्याच्या कृतीत इतका विचार आणि इतका स्वाभिमान एकवटल्याचे उदाहरण आमच्या मते महाराष्ट्रात दुसरे नाही. त्यांतली काही नावे पाहता पाहता सर्वांची झाली. काही नावे ऐकली की मात्र आजही समोरचा हळूच आडनाव विचारतो.

हे सगळे संस्कृतीविषयीचे निरीक्षण झाले. ते मोजता येते का, असे कोणी विचारेल. मोजले गेले आहे. अमेरिकेत १९७३ साली हरारी आणि मॅकडेव्हिड या दोन मानसशास्त्रज्ञांनी पाचवीतल्या मुलांचे निबंध शिक्षिकांना तपासायला दिले आणि त्यांवरची नावे अदलून-बदलून लिहिली. डेव्हिड किंवा मायकेल अशा लोकप्रिय नावाखाली जो निबंध बरा वाटला, तोच एल्मर किंवा ह्यूबर्ट अशा अप्रिय नावाखाली उणा ठरला. आणि हा परिणाम शिकाऊ विद्यार्थ्यांपेक्षा अनुभवी शिक्षिकांमध्ये जास्त दिसला. भारतात रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी मुलांची एक बक्षिसाची परीक्षा घेतली आणि उत्तरपत्रिकांच्या पहिल्या पानावर वय, लिंग आणि जात चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून दिली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत खालच्या मानलेल्या जातीची नोंद असलेल्या पत्रिकांना थोडे कमी गुण पडल्याचे दिसते. फरक लहान होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तो कुठे पडला ते लक्षात घेण्यासारखे आहे : गठ्ठ्याच्या सुरुवातीच्या पत्रिकांमध्ये तो जास्त होता. परीक्षकाचा हात प्रश्नांवर बसायचा असतो, किती गुण द्यावेत याची खात्री नसते, तेव्हा तो पहिल्या पानाचा आधार घेतो. आणि पक्षपात करणाऱ्यांत खालच्या मानलेल्या जातींतले शिक्षकही होते, किंबहुना तेच अधिक होते. दुष्ट माणसे शोधून ही गोष्ट सुटणार नाही, हे यातून कळते.

या सर्वांत आम्हाला सर्वांत अस्वस्थ करतो तो कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतला प्रयोग, जो २००६ साली प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीतल्या मुलग्यांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले आणि जितके सुटतील तितके पैसे देऊ केले. जात उघड केली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांनी जवळजवळ सारखीच कोडी सोडवली. मग दुसऱ्या गटांत सुरुवातीला एवढेच केले, की प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडिलांचे नाव, आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचली आणि त्याने मान हलवून होकार दिला. त्यानंतर दलित मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. कोणी त्यांना हिणवले नव्हते, कोडी तीच होती, मोबदला तोच होता. दुसरे आपल्याला कसे ऐकतात हे त्या मुलांना इतके पक्के ठाऊक होते, की नुसत्या पुकाराने त्यांची पेन्सिल जड झाली. नावाने ‘इतरांची’ नजर बदलते एवढेच म्हणून थांबता येत नाही. ती नजर मूल आतून शिकते.

मोठेपणी हीच गोष्ट अर्जांच्या गठ्ठ्यात भेटते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे इंग्रजी वृत्तपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखेच, फरक नावाआडनावाचा. मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता दलित नावांना सवर्ण नावांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आणि मुस्लीम नावांना तर सुमारे दोन तृतीयांशाने कमी निघाली. याच्या उलट जाणारा पुरावाही आहे आणि तो झाकू नये. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतल्या अशाच एका पाहणीत, जिच्यात अभिजित बॅनर्जी यांचा सहभाग होता, सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीच्या नावाने फरक पडलेला दिसला नाही. आम्हाला हा निष्कर्ष आशेचा वाटतो. जिथे कौशल्य थेट तपासता येते आणि माणसांची निकड असते, तिथे नाव मागे पडते. म्हणजेच नावाची ताकद कायमची नाही. ऐकणाऱ्याची परिस्थिती बदलली की ती उतरते.

यावर सर्वांत सबळ आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचाच आहे. रोलंड फ्रायर आणि स्टीव्हन लेव्हिट यांनी २००४ साली कॅलिफोर्नियातल्या जन्मनोंदींवरून दाखवले, की कृष्णवर्णीयांची म्हणून ओळखली जाणारी नावे असलेल्या मुलींचे पुढचे आयुष्य अधिक खडतर असते खरे, पण जन्माच्या वेळची घरची परिस्थिती हिशेबात घेतली तर नावाचा वेगळा परिणाम उरत नाही. मग नावाला कशाला दोष द्यायचा? आम्हीही नावाला दोष देत नाही. आयुष्याची गोळाबेरीज अनेक गोष्टींनी होते, आणि माणसे आडवाटा शोधून पोचतातही. त्या आडवाटांचा खर्च मात्र कोणत्याच नोंदवहीत चढत नाही. शिवाय निबंधाचे दोन गुण नाहक कापले गेले तर मुलाचे आयुष्य उद्ध्वस्त झाले तरच तो अन्याय, असे कोणता शिक्षक म्हणेल?

दुसरा आक्षेप घरगुती सल्ल्याच्या रूपात येतो : सरळ, चांगले, जात न कळणारे नाव ठेवावे आणि मोकळे व्हावे. अनेकांनी आडनाव गाळून वडिलांचे नाव लावले, तेही याच विचाराने. त्यांच्या निवडीचा आम्ही आदर करतो. मराठीत स्वतःचे नाव स्वतः घेण्याची परंपरा तर मोठी आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून दिवाळी अंकांच्या परंपरेची सुरुवात करणारे काशिनाथ रघुनाथ मित्र मूळचे आजगावकर होते. पण प्रौढाने हौसेने घेतलेले नाव आणि मुलाला संरक्षण म्हणून घातलेले नाव यांत फार अंतर आहे. ज्याला इजा होते त्यानेच चिलखत घालावे, आणि इजा करणाऱ्याने काहीच करू नये, ही वाटणी आम्हाला मंजूर नाही. आणि ती चालतही नाही, कारण कान नव्या नावालाही लवकरच ओळखू लागतात.

कान शिकतात तसे त्यांना थांबवताही येते. नाव कसे लिहायचे हा केवळ घरचा मामला नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरवला, तो एका निर्णयाने. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या उत्तरपत्रिका आपण नावाऐवजी बैठक क्रमांकावर आणि बारकोडवर तपासतो, आणि त्यात कोणाला आपली ओळख पुसली गेल्यासारखे वाटत नाही. मग चाचणी परीक्षा, सहामाही, तोंडी आणि अंतर्गत गुण यांना वेगळा न्याय का? लेखी पत्रिकेच्या पहिल्या पानावर नावाऐवजी क्रमांक घालायला खर्च येत नाही. तोंडी परीक्षेला दुसऱ्या तुकडीचे शिक्षक बसवता येतात. नाव लपवायचे ते फक्त गुण देताना. वर्गात ते पूर्ण आणि नीट उच्चारून घ्यावे, धोंडूचे, रुखसानाचे आणि पारधी वस्तीवरून आलेल्या मुलाचेही. शिष्यवृत्तीसाठी प्रवर्गानुसार मुलांची नावे भर वर्गात वाचून त्यांना उभे करण्याची सवय मात्र येत्या सत्रापासून बंद व्हावी. ती यादी पालकांना स्वतंत्रपणे कळवता येते. उत्तर प्रदेशातल्या त्या खेड्यांत संशोधकांनी जे मुद्दाम, एकदाच, मोजण्यासाठी केले, ते आपल्या शाळांनी दर वर्षी जून-जुलैत नकळत करत राहावे याला काहीही कारण नाही.