गॅलरीचा सरकता दरवाजा
फ्लॅट घेताना आपण टाइल्स पाहतो, किब्ला कुठे येतो ते पाहतो. गॅलरीच्या सरकत्या काचेच्या दरवाजाची कडी मात्र कुणी तपासत नाही. काही दरवाजे जोरात ओढले की कडी आपोआप अडकते आणि बाहेरून उघडायला काहीच नसते. कपडे वाळत घालायला गेलेली दादी मग उन्हात, आणि मोबाईल आत! माझ्या मते म्हातारी माणसे, लहान मुले असलेल्या घरात दोन्हीकडून उघडणारीच कडी हवी.

दरवाजा जड झाला की लोक खोबरेल तेल ओततात. त्यावर धूळ चिकटते, चाके आणखी रुततात. आधी खालची पट्टी ब्रशने साफ करावी.

अडकलेल्याने काच फोडू नये, साध्या काचेचे लांब धारदार तुकडे होतात. शेजाऱ्यांना हाक मारून अग्निशमन दलाला १०१ वर फोन करायला सांगावे. भाड्याच्या घरात कडी बदलायचा खर्च मालकाकडे मागायला लाजू नये.