महागडा मेंदू, मोडकी खुर्ची

बारावीचा निकाल लागला, इंजिनीअरिंगचा प्रवेश नक्की झाला, की घरात पहिली मागणी येते ती संगणकाची. वडील मुलीला घेऊन दुकानात जातात. दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, 'बजेट किती, काका?' काम काय करणार, हा प्रश्न क्वचितच येतो. सत्तर-पंचाहत्तर हजारांचा आकडा कानावर पडला की पुढचे वाक्य ठरलेले, 'मग आय नाइनच घ्या. एकदाच खर्च होईल, पुढची सात-आठ वर्षे बघायला नको.' मुलीच्या डोळ्यांत चमक येते आणि वडील मान हलवतात. लेकीच्या शिक्षणात काटकसर कशाला?

संगणक घरी येतो. प्रोसेसरवरच बरीचशी रक्कम खर्च झालेली असल्यामुळे मॉनिटर सर्वांत स्वस्त, लहान आणि उंची कमी-जास्त न होणारा. टेबल-खुर्ची घ्यायला पैसे उरलेले नसतात, म्हणून संगणक जेवणाच्या टेबलावर आणि त्यापुढे प्लॅस्टिकची खुर्ची. दोन-तीन महिन्यांनी मुलगी मान धरून, डोळे चोळत सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभी असते. केसपेपरवर 'मानदुखी, डोळ्यांत चुरचुर' असे लिहिले जाते. त्यामागचा हिशेब कुठल्या केसपेपरवर येत नाही.

डोके दुखते म्हणून आलेल्या प्रत्येक रुग्णाचा एमआरआय काढत नाहीत. आधी विचारपूस होते. केव्हापासून दुखते, कधी वाढते, चष्मा आहे का, झोप होते का. बहुतेकांना त्या यंत्राची गरजच नसते. ज्याला असते त्याला मात्र ते टाळून चालत नाही. संगणकाच्या खरेदीलाही हाच नियम लावायला हवा. आधी गरज तपासावी, मग प्रोसेसर ठरवावा. आणि बहुतेक घरांची गरज तपासली, तर उत्तर स्वस्त किंवा मध्यम प्रोसेसर असेच येते.

यासाठी एकाच पिढीतल्या दोन भावंडांचे उदाहरण पाहू. इंटेलच्या बाराव्या पिढीतील आय नाइन-१२९०० के हा प्रोसेसर नोव्हेंबर २०२१ मध्ये बाजारात आला, तर आय थ्री-१२१०० जानेवारी २०२२ मध्ये. अमेरिकेत पहिल्याची किंमत तेव्हा ५८९ डॉलर होती, दुसऱ्याची सव्वाशे डॉलरच्या आसपास. म्हणजे जवळजवळ पाचपट फरक. आय थ्रीमध्ये चार कोअर आहेत. आय नाइनमध्ये सोळा, त्यातले आठ मोठे आणि आठ कमी वीज खाणारे लहान. आय थ्रीचे चारही कोअर आणि आय नाइनचे आठ मोठे कोअर मात्र एकाच रचनेचे आहेत. वेग पाहिला, तर आय थ्री जास्तीत जास्त ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, आय नाइन ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत. म्हणजे एका कोअरवर चालणाऱ्या कामात, वेगाच्या आकड्यापुरता बोलायचे तर, पाचपट पैसे मोजून मिळतो तो साधारण वीस टक्के अधिक वेग.

'पण कोअर चारपट आहेत ना?' असा प्रश्न येईल. इथे रुग्णालयातलीच गोष्ट उपयोगी पडते. केसपेपरची खिडकी एकच असेल, तर आत चार डॉक्टर बसले काय आणि सोळा बसले काय, बाहेरची रांग त्या एका खिडकीच्या गतीनेच सरकते. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हेच तत्त्व संगणकासाठी मांडले. एखाद्या कामाचा निम्माच भाग वाटून करता येण्यासारखा असेल, तर चार कोअरवर ते काम एका कोअरच्या तुलनेत १.६ पट वेगाने होते. सोळा कोअरवर १.८८ पट. आणि कोअर कितीही वाढवले तरी दुपटीच्या पुढे जाता येत नाही. पत्र टाइप करणे, ऑनलाइन तास पाहणे, हिशेबाची एक्सेल भरणे, पहिल्या वर्षाचे प्रोग्रॅम लिहिणे, या कामांत वाटून देण्यासारखा भाग फारसा नसतो.

खरे तर अशा कामांत प्रोसेसर बहुतांश वेळ बसूनच असतो. टाइप करताना दोन अक्षरांमध्ये सेकंदाचा पाचवा भाग गेला असे धरले, तर तेवढ्या वेळात ४.३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ८६ कोटी आवर्तने पूर्ण करतो. तो माणसाची वाट पाहत असतो. मग घरचा जुना संगणक इतका रखडत का चालतो? बहुतेक वेळा दोष प्रोसेसरचा नसतो. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला हवी ती माहिती शोधायला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागतो. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने तेच काम त्याच्या शंभरपट कमी वेळात होते. रॅम अपुरी असेल, तर संगणक पुन्हा पुन्हा त्या डिस्ककडे धाव घेतो. 'संगणक स्लो झाला' या तक्रारीवर एसएसडी आणि पुरेशी रॅम हे पहिले औषध आहे आणि ते नव्या प्रोसेसरपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

महाग प्रोसेसरची आणखी एक किंमत असते, ती बिलावर छापलेली नसते. ती म्हणजे उष्णता. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावे लागते आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. याच भिंतीला धडकून २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम फोरचा बेत सोडून दिला आणि त्यानंतर वेगाऐवजी कोअरची संख्या वाढत गेली. वरच्या उदाहरणातला आय थ्री पूर्ण ताकदीने चालताना जास्तीत जास्त ८९ वॉट वीज घेतो, आय नाइन २४१ वॉट. शांत बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॉट उष्णता बाहेर पडते. म्हणजे पूर्ण भाराखाली आय नाइन चालवणे हे त्या खोलीत आणखी दोन-अडीच माणसे बसवण्यासारखे आहे. किरकोळ कामात दोघेही फारच कमी वीज घेतात, हे खरे. पण मग किरकोळ कामच करायचे असेल, तर त्या ताकदीचे पैसे मोजले कशासाठी?

विदर्भातल्या मे महिन्यात हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच चाळीस अंशांवर असेल, तर आय नाइन भाराखाली शंभर अंशांच्या मर्यादेकडे लवकर पोहोचतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करतो. म्हणजे जास्त वेगासाठी पैसे दिले आणि ऐन उन्हाळ्यात तो वेग मिळालाच नाही. तो मिळवायचा, तर मोठा कूलर, दमदार पॉवर सप्लाय, चांगला मदरबोर्ड आणि वर खोलीत एसी, असा खर्च वाढतच जातो.

'स्वस्त ते कमी प्रतीचे' ही समजूतही इथे लागू पडत नाही. जेनेरिक औषधाबद्दल लोकांच्या मनात जी अढी असते, तशीच ही. एएमडीच्या सहा कोअरच्या रायझन फाइव्ह ५६०० एक्स या प्रोसेसरमध्ये मुळात आठ कोअरची चकती असते. त्यातले दोन कोअर बंद केलेले असतात. उरलेले सहा महागड्या भावंडातल्या कोअरइतकेच अस्सल असतात. उलट, महाग म्हणजे टिकाऊ, हेही गृहीत धरता येत नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले. संगणक अचानक बंद पडत होते. दुरुस्तीचे सॉफ्टवेअर आले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण ज्या प्रोसेसरची हानी झाली होती, ती सॉफ्टवेअरने भरून येणारी नव्हती.

मग महागडा प्रोसेसर कोणी घेऊच नये का? तसे मुळीच नाही. लग्नसमारंभांचे व्हिडीओ रात्रंदिवस एडिट करणारा, इमारतींची त्रिमितीय चित्रे तयार करणारी आर्किटेक्ट, मोठमोठे सॉफ्टवेअर दिवसातून अनेकदा कंपाइल करणारा अभियंता, आकडेमोडीचे संशोधन करणारी विद्यार्थिनी, यांचे काम खरोखर सोळा जणांत वाटून देता येते. त्यांचा वाचलेला तास म्हणजे कमाई असते. अशा माणसाने दोन-चार हजारांकडे पाहून कमी ताकदीचा प्रोसेसर घेणे ही तितकीच मोठी चूक ठरेल. गेम खेळायचे असतील, तर मात्र बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्ड जास्त महत्त्वाचे. आय नाइन घेऊन कार्डासाठी पैसे न उरणे, ही तिथली नेहमीची फसगत.

दुसऱ्या टोकालाही सावध राहायला हवे. 'अगदी मिळेल ते स्वस्त' हेही औषध नव्हे. दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर घालून नव्या कॅबिनेटमध्ये विकले जाणारे संगणक बाजारात सर्रास दिसतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंटेलचे सातव्या पिढीपर्यंतचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत नाहीत. म्हणून कोणती पिढी, हे बिलावर लिहून घ्यावे; नुसते 'आय फाइव्ह' हे नाव पुरेसे नाही. इंटेलच्या क्रमांकाच्या शेवटी 'एफ' असेल, तर त्यात चित्र दाखवण्याची अंगभूत सोय नसते, वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागते. हे दुकानात विचारले नाही, तर घरी आल्यावर कळते.

राहिला प्रश्न भविष्याचा. 'सात-आठ वर्षे बघायला नको' हे वाक्य ऐकायला गोड आहे. पण पुढे लागेल म्हणून आजच चढ्या भावाने ताकद घेऊन ठेवणे म्हणजे कधीतरी ताप येईल म्हणून आजपासून रोज गोळी खाण्यासारखे. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर एकाच सॉकेटमध्ये बसतात. मदरबोर्ड ठीकठाक असेल आणि त्याचे बायोस अद्ययावत केले असेल, तर आजचा चार कोअरचा प्रोसेसर काढून तिसऱ्या वर्षी गरजेप्रमाणे मोठा बसवता येतो. तोवर त्याची किंमत बहुधा उतरलेली असते आणि मुख्य म्हणजे, मुलीला पुढे नेमके काय करायचे आहे हेही स्पष्ट झालेले असते.

हा फरकाचा पैसा वाचला, तर तो कुठे जावा? जे शरीराला थेट भिडते तिथे. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहूनही कमी होते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. पडदा लहान आणि अक्षरे बारीक असली, की मान पुढे जाते. पुढे झुकलेल्या डोक्याचा भार मानेचे स्नायू तासन् तास पेलत राहतात. म्हणून मॉनिटर पुरेसा मोठा असावा, हातभर अंतरावर असावा आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. खुर्चीला कमरेचा आधार असावा, पावले जमिनीवर सपाट टेकावीत, कोपर टेबलाच्या उंचीला यावे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर दूर पाहावे, याला तर पैसेही लागत नाहीत. उरलेल्या रकमेत एक यूपीएस घ्यावा. आपल्याकडच्या विजेच्या लपंडावात रात्रभर केलेला प्रकल्प त्यानेच वाचतो.

प्रोसेसरला संगणकाचा मेंदू म्हणतात. बिघडला किंवा कमी पडला, तर तो बदलता येतो. संगणकासमोर बसलेल्या मुलीचे डोळे, मान आणि पाठ बदलून मिळत नाहीत. त्यामुळे दुकानात जाताना वडिलांनी एका कागदावर तीन ओळी लिहून न्याव्यात. रोज कोणते काम, किती तास, आणि त्यातले कोणते काम आज खरोखर अडते. मग दुकानदाराने 'बजेट किती?' विचारले, की आकड्याऐवजी तो कागद पुढे करावा. तो वाचूनही जो आय नाइनच पुढे करील आणि कारण सांगू शकणार नाही, त्याच्या शेजारच्या दुकानात जावे.