वाघाच्या भुवईचं पांढरं

रंगीत पेन्सिलींच्या डब्यातली सगळ्यात लांब उरलेली पेन्सिल कोणती? पांढरी! बाकीच्या झिजून बोटभर होतात आणि ही आपली टोक न मोडलेली, नवीकोरी. लहानपणी वाटायचं, कंपनीवाले डबा भरायला टाकत असतील. आता वाटतं, ही पेन्सिल फुकट जाते ती आपण तिच्याकडून भलतीच अपेक्षा करतो म्हणून.

अपेक्षा अशी, की रानगवा काळा रंगवून झाला की शेवटी त्याच्या पायांत पांढरे मोजे चढवायचे. चढत नाहीत. राखाडी चिखल होतो फक्त.

कारण साधं आहे. भज्यांचा कागद आठवा. तेल लागलं की कागद आरपार दिसायला लागतो. कागद मुळात पांढरा दिसतो तो त्याच्या तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे, प्रकाश तिथे ठेचकाळत परत फिरतो म्हणून. हवेच्या जागी तेल गेलं की ठेचकाळणं थांबतं. चुन्याची भिंत पावसात भिजली की मळकट दिसते आणि वाळली की पुन्हा लख्ख, तेही ह्याच कारणानं. पेन्सिलीत रंगाची पूड मेणात नाहीतर तेलात कालवलेली असते, म्हणजे पूड कायमचीच 'ओली'. टायटॅनियम डायऑक्साइडसारखी पूड मेणातही बऱ्यापैकी झाकते (प्रकाश वळवण्याचं तिचं माप २.७ च्या आसपास, मेणाचं १.४५ च्या आसपास), पण पेन्सिलीचा थर तो केवढा! शिवाय खालचा काळा थर मेणाचाच, तो घासला जाऊन वर मिसळतो. कॅरन डॅश ल्युमिनन्सची पांढरी पेन्सिल त्यातल्या त्यात झाकणारी म्हणून नावाजलेली आहे. पण काळ्यावर तीही चमत्कार करत नाही.

चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे गेल्यावर, हे मेण आणखी मऊ पडतं. टोक कागदावर घसरतं, तळहाताखालचा काळा रंग पांढऱ्यात ओढला जातो. गंमत म्हणजे जिथे पांढरं नको तिथे ते आपोआप येतं! गव्याच्या काळ्या पाठीवर काही दिवसांनी मेण वर येऊन धुरकट साय धरते. मऊ कापडाने पुसली की जाते, घाबरू नका.

मग लख्ख पांढरं आणायचं कुठून? माझं उत्तर जुनंच आहे. कागदातूनच. मिशांसाठी आधीच रिकाम्या रिफीलने किंवा विणायच्या सुईने कागदावर दाबून चर पाडायचे, मग खुशाल वरून रंग फिरवायचा. पेन्सिल चरात उतरत नाही, मिशी पांढरी राहते. मोठ्या जागा कोऱ्या सोडायच्या आणि त्यांच्या शेजारी गडद रंग आणायचा. ताडोब्यात उन्हाळ्यात निष्पर्ण उभं असलेलं कढईचं झाड (तेच ते, गाईड लोक 'घोस्ट ट्री' म्हणतात ते) एवढं पांढरं दिसतं ते काय बर्फासारखं असतं म्हणून? जवळून बघा, साल गुलाबट, करडी, पापुद्रे सुटलेली. मागे वाळलेलं काळपट जंगल असतं म्हणून ते चमकतं.

आणि हो, ज्या कोऱ्या कागदाबद्दल एवढं बोलतोय तो काही आकाशातून पडत नाही. बल्लारपूरच्या गिरणीने वर्षानुवर्षं ह्याच जंगलांतल्या बांबूचा लगदा केला. बांबू शिजवून त्यातलं तपकिरी लिग्निन काढायचं, उरलेलं ब्लीच करायचं, तेव्हा कुठे पांढरं हाती लागतं. लिग्निन राहिलं की कागद उन्हात पिवळा पडतो, वर्तमानपत्राचा पडतो तसा. तो बांबू कोणाचा, ह्यावर गडचिरोलीत मोठी लढाई झाली. मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. कोरी जागा सोडताना मला कधीकधी हे आठवतं. असो, विषय भरकटला.

एक सावधगिरी. दुकानात जो कागद सगळ्यात झगझगीत पांढरा दिसतो, त्यात बहुतेक वेळा चमक आणणारी रसायनं असतात. ती अतिनील किरण गिळून निळसर उजेड देतात आणि उन्हात दमतात. चित्र भिंतीवर लावायचं असेल तर किंचित दुधी कागद बरा.

आता मूळ वाद. चित्र काढणाऱ्या मंडळींत एक सोवळा पंथ आहे. रंगीत पेन्सिलीच्या चित्रात पांढरा पोस्टर कलर किंवा जेल पेन वापरलं की चीटिंग! मला हे पटत नाही. ड्युररने १५०८ साली निळ्या कागदावर प्रार्थनेचे हात काढले, त्यातला उजेड पांढऱ्या रंगाच्या कुंचल्यानेच आणला. आपले जिव्या सोमा मशे यांनी तर अख्खं जग पांढऱ्याने काढलं, गेरूवर. तिथे पांढरं हेच चित्र. वरून पांढरं लावणं हलकं असतं हा नियम कोणी आणि कधी केला? करायचंच असेल तर एवढं सांभाळा, की मेणावर पाण्याचा रंग धरत नाही, थेंब थेंब होऊन सरकतो आणि जेल पेन तर मेणाने बुजतंच. म्हणून पांढरा रंग घट्ट ठेवा, किंवा आधीच लावून वाळू द्या आणि मग त्यावर पेन्सिल चालवा.

पण वाघाच्या चेहऱ्यावर मात्र मी स्वतः सोवळा होतो. तिथे शेवटी लावलेलं पांढरं मला नको वाटतं, आणि कारण शुद्धतेचं नाही. वाघाच्या डोळ्यांवरचे पांढरे ठिपके आणि त्यांत शिरलेल्या काळ्या रेषा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. सवयीचे लोक त्यावरून वाघ ओळखतात. ते पांढरं आधी राखायचं म्हटलं की त्याची हद्द आधी नीट बघावी लागते, फोटो चार वेळा मोठा करून. शेवटी ठिपका द्यायचा म्हटलं की हात सवयीचा ठिपका देतो, आणि मग कुठलाही वाघ चालतो.

२०२३ साली ताडोब्याची माया दिसेनाशी झाली. पुढे सापडलेल्या अवशेषांची डीएनए तपासणी झाली आणि ते तिचेच निघाले. त्यानंतर तिची श्रद्धांजलीची चित्रं किती आली! मनापासून काढलेली, ह्यात शंका नाही. पण बऱ्याच चित्रांत भुवईवर दोन सारखे, टपोरे, पेनाने दिलेले पांढरे ठिपके. खाली नाव वाचलं नसतं तर ती माया आहे हे कळलंच नसतं. शिवाय सावलीतलं वाघाचं पांढरं निळसर असतं, उन्हातलं पिवळट, आणि चिखलात बसून उठलेल्या वाघाचं तर विचारूच नका. ती चित्रं बघताना मला वाईट वाटलं ते चित्रकारांसाठी नाही. जिचे फोटो हजारोंनी निघाले, तिचा चेहरा एवढ्या लवकर कोणाचाही होऊन गेला म्हणून.

सध्या माझ्या पाटावर गव्याचे चार पाय आहेत. मोजे कोरे सोडलेत. ते खरे पांढरे नसतातच, मातकट पिवळे असतात, म्हणजे त्यावर थोडा गेरू फिरवावाच लागणार. पण तो शेवटी, आणि अगदी हलक्या हाताने.